अख्खा फोटो

ओसाकाहून भाचा सांगत होता,
तिकडे बातम्यांत माणूस दाखवतात,
मनगटं तेवढी पुसट करतात.
बेड्या दिसल्या की म्हणे तो आधीच गुन्हेगार वाटतो.
जर्मनीत आडनावाचं एकच अक्षर छापतात,
डोळ्यांवर काळी पट्टी.
मी हसलो.
आमच्या इंदूरच्या सांजदैनिकात
बापाचं नाव असायचं, वय, गल्ली,
मारुतीपासून कितवं घर तेसुद्धा.

सराफा ठाण्याच्या पायऱ्यांवर
पतपेढीचे रोखपाल घोडगावकर.
दोन शिपाई, मध्ये ते, समोर आम्ही सात जण.
त्यांनी तोंडावर पंचा धरला होता.
मीच ओरडलो, "भिया, हाथ नीचे कराओ!"
शिपायानं करवला.

ओळ उपसंपादकानं दिली: शरमेनं मान खाली.
खरं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला होता,
ते बघत होते. मला दिसलं होतं.
ओळी देणं माझं काम नव्हतं.

त्या वर्षी रामबागेत
गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक
त्यांचं दार सोडून पुढे गेलं.

नऊ वर्षांनी निर्दोष सुटले.
पान सात, निविदेखाली, दोन ओळी.
या वेळी बापाचं नाव गाळलं होतं.

मी तोवर नोकरी सोडून
पासपोर्ट फोटोंचं दुकान टाकलेलं.
एका दुपारी ते आत आले. वाटलं, आता बोलणार.
बसले. पाणी प्याले. म्हणाले,
"त्या दिवशीचा फोटो अख्खा आहे का?
छापलात तो नको, तो आहे माझ्याकडे.
डावीकडे कुमुद उभी होती.
त्यानंतर तिनं कुठे फोटो काढू दिला नाही,
आणि आता काढायला ती नाही."

जुनी डिस्क बराच वेळ कुरकुरली.
सापडला.
शिपायाच्या कोपरामागे एक बाई,
हातात चष्म्याची डबी,
पुढे यायला निघालेली.
फोकस त्यांच्यावर होता, म्हणून ती पुसट.
नाक नाही, डोळे नाहीत,
मोठी करावी तितकी विरघळते.
ओसाकातही इतकं नीट कोणी झाकलं नसतं.

"हीच," ते म्हणाले. "चार बाय सहा काढा."

पैसे राहू द्या म्हणालो.
त्यांनी ऐकलं नाही.
दहाच्या पाच नोटा काढल्या,
सगळ्यांची तोंडं एका बाजूला केली,
आणि दोनदा मोजून
काउंटरवर ठेवल्या.