नऊ ऑगस्टचा खण

पाइसान्दूत, नदीकडे पाठ केलेल्या त्या वृत्तपत्राच्या कचेरीत
नेलिदा एचेगोयेन रोज रात्री एक खण उघडते.
तीनशे सहासष्ट खण. एकोणतीस फेब्रुवारीच्या खणात
ती जास्तीचा चष्मा ठेवते.
हिवाळ्यात लाकूड फुगतं,
ऑगस्टचे खण गुडघ्यानं रेटावे लागतात.

उद्या नऊ तारीख.
‘आजच्या दिवशी’ला बारा ओळी,
खाली टायरची जाहिरात, ती हलत नाही.

एकोणीसशे चौतीस: सायकलपटू फ्रुक्तुओसो लारालदे
पुलापर्यंत सगळ्यांच्या पुढे.
तिथं चाक बसलं, तर गवळ्याची घोडी मागून घेतली
आणि शर्यत पुरी केली. बाद.
हार लोकांनी घोडीला घातला,
तो तिनं खाल्ला.

एक्कावन्न: मुष्टियुद्ध. सातव्या फेरीत दिवे गेले.
अकरा मिनिटं काळोख,
आणि कुणी कुणाला मारलं नाही.
दोघंही नंतर वेगवेगळं भेटून एकच बोलले:
त्याचा श्वास ऐकत उभा होतो.
निकाल नाही तर बातमी कसली, म्हणायचे संपादक.
संपादक गेले. कार्ड कोरंच्या कोरं राहिलं,
एका बोटाचाही डाग नाही.

अडुसष्टचं मात्र मऊ पडलंय हाताळून.
उपांत्य सामना, शेवटची पेनल्टी.
गोलरक्षक ओस्मार बिदेगाइन उजवीकडे झेपावला,
चेंडू डावीकडे गेला.
अक्षर तिचंच, नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं,
जरा जास्तच वळणदार.

पंचेचाळीस वर्षं छापलं तिनं हे.
ओस्मार खिळे-बिजागऱ्या विकतो, दोन गल्ल्या सोडून.
अजून पोरं ओरडतात, डावीकडे, म्हाताऱ्या, डावीकडे!
पोरांचे बापही जन्मले नव्हते तेव्हा.

यंदा तिनं काळोख छापला.
बाराच्या बारा ओळी.

सकाळी आठला दारात ओस्मार,
अंक काखेत, टोपी हातात.
‘मला वगळलंत?’
तिला काही सुचेना. म्हणाली, बसा.
तो बसला नाही.
‘नाही, म्हणजे, एक दुरुस्ती होती.
दरवर्षी सांगीन म्हणतो.
उलटा वळलो होतो मी हवेत.
लागला होता तो.’

करंगळी पुढे केली त्यानं,
सांध्याशी अजून वाकडी.

नेलिदानं पेन शोधलं,
मग चष्मा,
मग तो कुठल्या खणात आहे ते.