अर्धा फेरा

झेनॉन गेला त्यानंतर तीन हिवाळे
पलंगाची त्याची बाजू मी वापरली नाही.
माझ्या बाजूला झोपायचे, अगदी कडेला, पडेन अशी.
मग एका शनिवारी गादी जिन्यावरून खाली ढकलली
आणि इग्नात्सीकडून करवत उसनी आणली.

तो म्हणाला, फोनवर बघा ना, सगळं दाखवतात,
जुन्या पलंगाचं बाकडं, चार तासांत.

मला सोळा दिवस लागले.
चार तासवाल्यांच्या पलंगात
कुणी झोपलेलं नसतं.

बीचचं लाकूड. तेव्हा आमच्या वूच शहरात
पैसे असायचे, पलंग नसायचे.
गिरणीतल्या दोघांच्या बोनसातून
आणि एका गोदामवाल्याच्या मेहेरबानीतून मिळालेला.
ढकलगाडीवर घालून बर्फातून आणला,
आणि दमलो तेव्हा भर रस्त्यात, रुळांवर,
त्याच्यावरच बसून एक सिगारेट दोघांत ओढली.
ट्राम खोळंबून राहिली.
ड्रायव्हरबाई घंटा वाजवायची सोडून हसत होती.

आता उशाची फळी पाठ होणार,
पायथ्याची मधोमध कापून दोन हात.
त्याच्या बाजूला, डोकं टेकून पेपर वाचायचा तिथे,
बशीएवढा काळपट डाग.
पॉलिशपेपर ऐंशी नंबरचा, मग एकशेवीस,
मग दोनशेचाळीस, मऊ, गालासारखा.
डाग गेला नाही.
मी फार घासलंही नाही.

लांबी किती?
अंगणात टेप धरून उभी राहिले.
एकटीला साठ सेंटिमीटर, ऐसपैस म्हटलं तर सत्तर.
एकशेवीस करा, इग्नात्सी म्हणाला, विकायला बरं.
विकायचंय कुणाला?
पेन्सिलीची रेघ तीनदा खोडली.
शेवटी लाकडानेच ठरवलं. शंभरावर गाठ होती,
तिच्यापलीकडे करवत शिरेना.

आणि ती कुरकुर.
एकतीस वर्षं कुरकुरला तो पलंग.
कूस बदलली की, खोकलं की,
आणि बाकीच्या वेळी तर विचारू नका.
खालच्या सबिनाबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या.
आम्ही मेण लावलं, साबण लावला,
पायाखाली तिकिटांच्या घड्या घातल्या,
एकदा झेनॉनने लाथ घातली आणि आठवडाभर लंगडला.
त्या पलंगावरून जेवढं भांडलो
तेवढं पैशावरून नाही.

सुटा करताना सापडलं.
डावा कोपरा, आतलं अंग, एक बोल्ट.
पाना लावला.
अर्धा फेरा.
बस.

अर्धा फेरा, झेनॉन!
मी हसायला लागले, भुसा नाकात गेला,
शिंकत राहिले, डोळे पुसत राहिले.
इग्नात्सी खिडकीतून विचारत होता, मास्क देऊ का म्हणून.

जिन्याच्या कठड्याचा उरलेला हिरवा रंग दिला, दोन हात.
डागाची जागा तेवढी नुसतं तेल लावून सोडली.
बाकडं चेस्टनटखाली ठेवलं,
कचऱ्याच्या डब्यांपासून जरा लांब.

तिसऱ्या दिवशी सबिनाबाई आल्या.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
पावाची पिशवी मांडीवर घेऊन टोकाला बसल्या,
डॉक्टरकडे बसतात तशा.
जरा डावीकडे झुकल्या. जरा उजवीकडे.

"कुरकुरत नाही," म्हणाल्या.
तक्रारच होती ती.

"नाही. सापडलं कुठे होतं ते."

वरून एक चेस्टनट पडलं, घरंगळत डब्यापर्यंत गेलं.

"रात्रपाळीहून तो यायचा ना," सबिनाबाई म्हणाल्या,
"पावणेसहाला वाजायचं.
मग मी उठायचे, चहाचं आधण ठेवायला.
घड्याळ घेतलंच नाही कधी."

पाव तसाच मांडीवर.
उठताना त्यांनी हाताने डाग चाचपला,
काही विचारलं नाही.

त्या जिना चढून गेल्या, दार लागल्याचं ऐकलं,
तेव्हा मी वर जाऊन पाना आणला.
डावा कोपरा. आतलं अंग.
उलटा.
अर्धा नाही हं,
पावच.