सही जुळत नाही

रुवी हाय स्ट्रीटच्या मागे आमची खोली:
चार खाटा, एक एसी, तोही आठवड्यातून दोनदा रुसणारा.
शमशुद्दीन सरखोत खिडकीपाशी.
त्याच्या उशीखाली पिवळा लिफाफा,
लिफाफ्यात चांदवा साबणाच्या कंपनीचे साठ शेअर,
जाड कागद, कडेला वेलबुट्टी,
जणू कुणाच्या निकाहाची पत्रिका.

ठेवीचं नाव काढलं की तो मान हलवी.
"व्याज नको. वाटा चालेल.
धंदा बुडाला तर मीही बुडेन ना? मग झालं."

दिवसभर सुपरमार्केटच्या सातव्या रांगेत
तो चांदवाच्याच वड्या रचायचा,
नाव समोर, धूळ पुसून, कडेला कड.
मॅनेजरला वाटे, काय प्रामाणिक माणूस.
मला ठाऊक होतं,
मालक आपल्या मालावरून हात फिरवतोय.
एखादी बाई चार वड्या उचलून गेली
की रात्री सुलेमानी पिताना प्रश्न:
चारांतलं आपलं किती?
एकदा मी आकडा काढून दाखवला.
दशांशचिन्हापुढची शून्यं मोजता मोजता
चहा निवला.
"असू दे," म्हणाला, "शून्यंसुद्धा आपलीच."

मग भाव अर्ध्यावर आला,
आणि त्याच वर्षी गावी मुलीचं लग्न.
वीक, वीक, खोलीभर एकच.
त्यानेही ठरवलं. फॉर्म मी भरला, अक्षर माझं बरं.
सही त्याची.
दीड महिन्याने कागद परत:
सही जुळत नाही.

कशी जुळेल?
मधल्या काळात टूथपेस्टच्या खोक्यांची अख्खी थप्पी
उजव्या हातावर उतरली होती.
दोन बोटं वाकली ती वाकलीच,
आणि सरखोतमधला 'र' लंगडू लागला.
पुन्हा पाठवलं. पुन्हा परत.
बँकेच्या साहेबाचा शिक्का आणा म्हणे.
साहेब हर्णैला, हा मस्कतला,
सुट्टी दोन वर्षांनी.
लग्न चुलत्याच्या उसन्या पैशांत उरकलं.
शेअर राहिले.

डिव्हिडंडला सही लागत नाही.
दर ऑगस्टात तो हर्णैच्या पोस्टात उतरायचा,
रुकय्या छत्री घेऊन आणायला जायची.
पहिल्या वर्षी त्यात एक पापलेट आलं, तेही मध्यम.
मग बोनस, एकाला एक. मग पुन्हा एकदा.
मग एकेका शेअरचे दहा-दहा तुकडे.
एका वर्षी पडवीचे पत्रे,
एका वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन,
आणि एका वर्षी काही निघालंच नाही,
पैसे नुसते खात्यात पडून राहिले.
फोनवर ती हे दोनदा सांगत होती.

इकडे वडी सव्वाशे ग्रॅमची शंभराची झाली. किंमत तीच.
कागदावरची बारीक अक्षरं त्याने वाचली नाहीत,
नुसती तळहातावर तोलली.
"चोर लेकाचे," म्हणाला.
मग जरा थांबून, "म्हणजे आपणच."
त्या ऑगस्टात वाटा वाढला होता.

आता तो खोलीतल्या नव्या पोरांना सांगतो,
विकू नका, धीर धरा,
रोप रोज उपटून मूळ बघतात का कुणी?
पोरं मोबाइलवरचं लाल-हिरवं न सोडता माना डोलवतात.
मी काही बोलत नाही.
तोही माझ्याकडे बघायचं टाळतो.

परवा तो कायमचा निघाला.
सामानात चांदवाच्या सहा वड्या,
पूर्ण दराने घेतलेल्या, स्टाफची सवलत नाकारून.
"सवलत घेऊन तोटा कुणाचा?"

आदल्या रात्री मला जाग आली तेव्हा
खिडकीशी बॅटरीचा उजेड.
लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीने
तो जुनी सही गिरवत होता,
पंचवीस वर्षांपूर्वीची, ताठ 'र'ची.
विकायचेत का, मी विचारलं.
"छे," तो म्हणाला,
"जुळते का बघतोय."