नमुना ‘अ’

तक्रारदाराचे नाव.
बाहुबली आदगोंडा मगदूम, वय एकसष्ट,
राहणार कुपवाड, पाण्याच्या टाकीमागे.

कंपनीशी नाते.
धनको, ऋणको, भागधारक, इतर.
सव्वीस वर्षं स्टोअरची किल्ली माझ्या करगोट्याला होती,
याला काय म्हणतात?
झेरॉक्सवाल्या पोरानं ‘इतर’वर टिचकी मारली.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार.
अवसायक श्री. टेंबे, पुणे.
आवाज कधी चढवला नाही,
चहा आला की पहिला कप वॉचमनला द्यायचे.
हे लिहायला रकाना नाही.

तक्रारीचा तपशील.
साहेब, फौंड्री बुडाली
त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.
भट्टी विकली, वजनकाटा विकला, छपराचे पत्रे विकले,
लिलाव रीतसर झाला, आम्ही बघत उभे होतो.
पण पॅटर्न शॉपमधले चारशे बारा नमुने
यादीत ‘जळाऊ लाकूड’ म्हणून लागले.
नऊ रुपये किलो.

सागवान होतं ते, साहेब.
दस्तगीर मिस्त्रीच्या रंध्याखालून निघालेलं.
त्याचे चुलते मिरजेत सतारी करायचे,
हा पंपाचे, गिअरबॉक्सचे,
गुऱ्हाळाच्या चरकाचे नमुने.
त्याची पट्टी वेगळी होती,
तिच्यावरचा इंच जरासा लांब.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच मोठं कापायचं,
शंभराला एक.
“वितळलेलं मोठंच दिसतंय मगदूम,
निवल्यावर बघायचं.”

टेम्पो बुधगावच्या वीटभट्टीवर गेला.
मी मागनं सायकल मारत गेलो, का ते माहीत नाही.
चरकाचा एक दाता, लाल रंग दिलेला,
राखेच्या कडेला अर्धा उरला होता.
तो पिशवीतनं आणलाय.
पोरगं म्हणतंय, वस्तू स्कॅन होत नाही.

नुकसानीची रक्कम, आकड्यात.
इथं पेन थांबलं.
वाढवून लिहावं का थोडं?
दिल्लीला पोचेस्तोवर निवेल, आकसेल,
दस्तगीरची पट्टी धरावी म्हटलं.
मग छापलेल्या ‘रु.’वर काट मारली
आणि पुढं लिहिलं : चारशे बारा.

पुरावे, असल्यास.
गेटपास, तारीख अकरा मार्च.
‘जळाऊ लाकूड, सहा टन, तपासून बरोबर.’
खाली सही माझी आहे.

त्या दिवशी टेंब्यांनी खुर्ची पुढं केली,
‘मगदूमसाहेब’ म्हणाले.
एवढ्या वर्षांत तसं कुणी म्हणालं नव्हतं.
फसवलं असं म्हणता येत नाही.
मी वाचलं होतं.
चष्मा पुसून, दोनदा वाचलं,
आणि सही केली.

“हे नका लावू काका,” पोरगं म्हणालं,
“केस ढिली पडती.”
बाहेर एमआयडीसीची शिफ्ट सुटत होती,
डबे वाजत होते.
शुल्क अडीच हजार,
तक्रार खोटी किंवा खोडसाळ न ठरल्यास परत.
पैसे मी मोजून आणले होते,
रबर लावून.

लाव, म्हटलं.
आणि तक्रारदाराच्या सहीच्या जागी
तीच सही केली,
गेटपासवरची.