फक्की

जिनमागच्या रानात
काल मी फक्की मारली.
पिशवीला खाली भोक,
टेपचं एक टोक निंबाकडे, एक माझ्याकडे.
तीस बाय चाळीस. रस्ता वीस फुटी.
प्लॉट नंबर एक ते बावन्न,
आणि कोपऱ्यात, नकाशावर हिरवा रंग दिलेली
'खुली जागा'.
तिथे डीपी बसणार आहे.

हात तोच. रेघही तशीच.
फक्त तेव्हा राख असायची,
आईच्या चुलीतली, चोरून आणलेली,
आणि जरा वाकडी गेली की लोटन ओरडायचा,
"हाई पाटी शे का नाला?"
नऊ पाट्या, मधून सूर.
सुरावर झुलाल उभा राहिला
की वारासुद्धा वळसा घालून जायचा.

वैशाखात धरणगावची माती
तळपायाला चावते.
आम्ही जिनच्या भिंतीच्या सावलीत
सावली लांब व्हायची वाट बघत बसायचो,
एकेक बोट सरकायची ती,
आणि कुणीतरी, बहुतेक इक्बालच,
धीर सुटून उन्हातच उडी मारायचा.

कापसाच्या दिवसांत तर
हवेतून पांढरं तरंगत यायचं, घामाला चिकटायचं.
खेळता खेळता सगळे म्हातारे व्हायचो,
भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या,
खिशात सरकी.
घरी गेल्यावर आई झटकायची,
परत दहा वर्षांचं करायची.

नऊ ओलांडायच्या,
पुन्हा नऊ ओलांडून परत यायचं,
लोण आणायचं.
लोण म्हणजे मीठ, म्हणे.
कुणाच्या घरचं, कशाला आणायचं,
कधी विचारलं नाही.
जीभ ओठावरून फिरवली की होतंच ते.

सगळ्यात जास्त लोण निर्मलाने आणलं.
आखाजीला पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या,
ही झोका अर्ध्यात सोडून, परकर खोचून,
झुलालच्या काखेखालून.
"कथा जाई ऱ्हायनी वं?" तिची मावशी कडेने ओरडायची.
ती कुठे जात होती
ते आम्हालाही कळायचं नाही,
फक्त धूळ दिसायची.

माझी दिव्यानी नऊ वर्षांची आहे.
तिच्या गुडघ्यावर एकही डाग नाही.
बायको कौतुकाने सांगते सगळ्यांना.
मी हो म्हणतो,
आणि रात्री ती झोपल्यावर
ते दोन गुळगुळीत गुडघे बघताना
छातीत काहीतरी हलतं.
पडायचं कसं, हे हिला कोण शिकवणार?

आज सकाळी सोबत आली.
सतरा नंबरमध्ये उभी राहिली,
"पप्पा, हे कुणाचं घर?"
मी म्हणालो, घर नाही, पाटी आहे.
कसा बोलून गेलो.
मग पिशवी ठेवली, टेप ठेवला,
चप्पल काढली.
मी सूर धरतो. तू पलीकडे जा.
"आणि पकडलं तर?"
मरशील.
"मग?"
मग पुन्हा.

निंबा खुंटी ठोकायचा थांबला.
वयाने माझ्याहून मोठा माणूस,
गुपचूप येऊन अठराव्यावर उभा राहिला,
हात पसरून.

ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली,
मला वाटलं रडेल,
तर ती खाली वाकली
आणि माझ्या काखेखालून...
कुणी शिकवलं नव्हतं हे हिला.
वीस फुटी रस्त्यात जाऊन आपटली.
उठली. गुडघ्याकडे बघत राहिली,
जसं पहिल्यांदाच कुणी तिला
तिचं स्वतःचं काही दाखवलं असावं.

दिवाळीनंतर सिमेंटचे खांब येतील.
ते पायाने पुसले जात नाहीत.
मलाच मोजून द्यायचे आहेत,
आगाऊ पैसे घेतलेत.

पण आत्ता सतरा आणि अठरा एक झालेत,
फक्की तिच्या पोटऱ्यांवर, निंबाच्या मिशीवर,
ती तिथून ओरडते, "पप्पा, परत येऊ?"
खिशात मालकाचा फोन वाजतोय.

सुरावरच्या माणसाला
हात खाली करता येत नाहीत.