शेपटीचं वजन

नेर्ल्याच्या पुढं, कासेगाव यायच्या आत
उजव्या अंगानं एक स्लीपर कोच सुसाट गेली
आणि तिच्या वाऱ्यानं मागचं घर
एकदा डावीकडं झुकलं,
मग उजवीकडं,
मग पुन्हा डावीकडं, पण जरा जास्त.

घर म्हणजे मीच जोडलेलं.
कुपवाडच्या शेडात, पाच महिने,
साडेतेरा फूट, दोन बाकं, एक शेगडी,
पद्मजाबाईंनी स्वतः शिवलेले पडदे.
उपाध्ये मास्तर म्हणाले होते,
"शिकलगार, असं घर करा
की निघताना कुलूप लावायला नको."
मी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या जोडल्या.
ट्रॉली डुलली तर चार मोळ्या सांडतात,
मागचा माणूस शिव्या देतो, संपलं.

आरशात ते घर
खुंट्याला हिसका देणाऱ्या खोंडासारखं.
पिकअपचा मागचा भाग त्याच्या तालावर हलायला लागला,
स्टेअरिंग हातात नुसतं नावाला.
मास्तरांनी छतावरची कडी धरली.
बाई काही बोलल्या नाहीत.

पाय ब्रेककडं निघाला होता.
तो तिथंच धरला.
दाबला असता तर मागचं पुढं येऊन
आमच्या आधी साताऱ्याला पोचलं असतं.
स्टेअरिंगनं समजूत काढायला गेलो असतो
तर प्रत्येक समजूत उशिरा पोचली असती,
आणि उशिराची समजूत म्हणजे आणखी एक धक्का.
म्हणून हात सरळ ठेवले.
अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलला,
झोपलेल्या पोराच्या डोक्याखालनं
हात काढून घ्यावा तसा.
सत्तर. साठ. पंचावन्न.
चाळिसाला खोंड चालायला लागलं.

वजनकाट्यावरच्या पोऱ्यानं विचारलं, "भरली का रिकामी?"
म्हटलं, नुसतं नाक ठेवायचंय.
पुढचा जॅक काट्यावर, चाकं बाहेर.
पासष्ट किलो.
चौदाशे किलोचं घर
आणि हुकावर पासष्ट!
दीडशे तरी पाहिजे, म्हटलं, मास्तर,
नाक हलकं झालं की शेपूट शहाणी होते.
मागं काय भरलंय?

मास्तरांनी बाईंकडं बघितलं.
बाईंनी मागचं दार उघडलं.
आठ स्टीलचे कॅन, ओळीनं,
घरच्या विहिरीचं पाणी.
"परक्या गावचं पाणी मला चालत नाही," त्या म्हणाल्या,
"आणि दाराजवळ ठेवलं की काढायला सोपं."
चाळीस वर्षं पाणी दाराजवळच ठेवलंय त्यांनी,
त्यात चूक ती काय.
दोन कॅन अर्धे होते, वळणावळणाला डचमळणारे.
ते एकात एक ओतले,
रिकामा झालेला तेवढा मागं राहू दिला.

मी आणि पोऱ्यानं सात कॅन आसाच्या पुढं नेले,
बाकाखाली, पट्ट्यानं आवळून.
मास्तरांची पुस्तकांची पेटीही नेली,
ती ते स्वतः उचलणार म्हणून हटून बसले
आणि निम्म्यात थांबले.
पिकअपच्या मागच्या चाकांत हवा कमी होती, ती भरली.
परत काटा. एकशे अठ्ठावन्न.
पोऱ्यानं पावती फाडली, दोन्ही वेळची.
मी म्हटलं, साताऱ्यात घर्षणाची पट्टीही बसवू,
पण पट्टी म्हणजे औषध,
पथ्य हे.

कोयनेच्या पुलावर आडवा वारा होता.
एक कंटेनर गेला, मग दुसरा.
मागं काही आहे का
हे बघायला मलाच आरशात बघावं लागलं.
मास्तर कडी सोडून
गुडघ्यावर बोटानं काहीतरी मोजत होते.

उंब्रजच्या पुढं सावलीला थांबलो.
बाई आत गेल्या, बाकाखाली वाकल्या,
"आता रोज कमरेत वाकायचं," एवढंच म्हणाल्या,
दुहेरी फडकं तांब्यावर ताणलं
आणि पाणी ओतलं.
रस्त्यावरनं ऊसवाहू ट्रक गेला, दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला,
त्यातली शेवटची ट्रॉली डुलत होती,
जोडकाम माझ्यासारखंच कुणाचं तरी.
घर जरासं थरथरलं.

फडक्यातनं धार सरळ पडत होती.
पहिला पेला त्यांनी मला दिला.