वलांडी

प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर दोन बावटे,
गळ्यात ओळखपत्र : हेमांगी वैती, पंच, उंच उडी, महिला.
फोटो जुना आहे, केस काळे.
नेपियन सी रोडचं हे मैदान समुद्राला इतकं खेटून
की सकाळी गादीवरचं कापड ओढलं
तेव्हा हाताला मीठ लागलं.

नऊ देशांच्या चौदा पोरी होत्या.
आता चौघी उरल्यात, आणि एक मीटर अठ्ठ्याऐंशी.

उंची मोजायची ती दांडीच्या मधोमध,
जिथे ती आपल्याच वजनाने जराशी झोळते.
सगळ्यात खालची जागा, तीच तिची उंची.
नियमावलीत याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही.

कझाकस्तानची पोर उडण्याआधी
स्वतःच्या मांडीवर चापट मारते, बैलाला मारावी तशी.
कोरियाची काहीच करत नाही,
बस सुटत असल्यासारखी नुसती पळत सुटते.
श्रीलंकेची दिल्हानी
(यादीत नाव लांबलचक, मी एवढंच धरलंय)
डोळे मिटून बोटाने हवेत वाट गिरवते :
पाच पावलं सरळ, चार आतल्या अंगाला कललेली,
मग पाठ.

आमच्या खारदांड्यात पाठीवरची उडी कुणी पाहिली नव्हती.
बोंबील वाळवायच्या वलांड्या होत्या, बांबूवर बांबू.
सगळ्यात खालचा मी सातवीत ओलांडला,
त्याच्या वरचा नववीत, कातरी मारून.
पलीकडे गादी कुठली,
वाळू, नि शिंपल्यांचा चुरा.
एकदा टाच लागली आणि अख्खी ओळ आडवी.
आई ओरडली नाही. म्हणाली,
"आता मोज."
चारशे बारा जोड्या.
जबड्यात जबडा अडकवून पुन्हा टांगल्या,
दिवेलागणीपर्यंत.
बोटांचा वास शाळेत दोन दिवस लपवला.

तर दिल्हानी. तिसरा प्रयत्न.
आली, वळली, उठली.
खांदे गेले, कंबर गेली,
टाचा तिने अशा उचलल्या
जशी ओल्या लादीवरून बाई निऱ्या उचलते.
गादीवर पडली. दांडी वर होती.
वर होती, पण थरथरत होती.

पांढरा बावटा माझ्या हातात, अर्ध्यावर.
ती उतरली, मुठी आभाळात,
आणि समुद्रावरून एक झुळूक आली,
माझी टोपीही हलली नाही एवढीशी,
आणि दांडी पडली.

वाऱ्याने पाडली तर उडी धरतात.
अंग लागलं असेल तर नाही.

वेणीचं टोक.
मी पाहिलं होतं.
पिना सुटून वेणी खाली आलेली,
आणि टोक दांडीवरून गेलं,
देव्हाऱ्यातली धूळ पिसाने झटकावी तसं.
तेवढ्याने थरथरते का दांडी?
विचारू नका. मीही अजून विचारते.
कॅमेरे दुसऱ्या अंगाला होते.

लाल.

प्रशिक्षक धावत आले, आधी इंग्रजीत भांडले,
मग सिंहलीत, ते जास्त कळलं.
मला इंग्रजी शब्द सुचेना.
मी टोपी काढली
आणि माझी करंगळीएवढी पांढरी वेणी
पुढे घेऊन धरून दाखवली.
प्रशिक्षक गप्प.
पोर हसली.
खरंच हसली, तोंडावर हात ठेवून,
मग स्वतःच्या वेणीचं टोक शोधून
त्याच्याकडे बघत राहिली,
नापास झालेल्या धाकट्या भावाकडे बघावं तशी.

बाकावर जाऊन तिने रबर काढलं,
सगळे केस मोकळे केले
आणि नव्याने वेणी घालायला घेतली,
घट्ट, सावकाश, एकही उडी उरली नसताना.

पोरांनी दांडी ठेवली.
मी उठले, मधोमध मोजली,
एक अठ्ठ्याऐंशी.
कोरियाची पळत सुटली.